ध्वनिलहरींनी खडा फुटतो, पण कोणाचा?

प्रश्न असा आला आहे: वडिलांचं वय 61. डाव्या मूत्रपिंडात सोनोग्राफीत 11 मिमीचा खडा दिसला, त्याच रिपोर्टात प्रोस्टेट 52 ग्रॅम लिहिली आहे. रात्री तीनदा-चारदा लघवीला उठावं लागतं. तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. नात्यातल्या एकाने सांगितलं की आता ध्वनिलहरींनी खडाही फुटतो आणि प्रोस्टेटही बरी होते, कुठे टाका नाही की चीर नाही. हे कितपत खरं? आणि घराजवळच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये अल्ट्रासाउंडचं मशीन आहे, तिथे कंबरेला शेक घेतला तर खडा विरघळेल का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण त्या नादात लोकांचे महिने जातात आणि खडा होता तिथेच राहतो. फिजिओथेरपीच्या मशीनने खडा फुटत नाही, विरघळतही नाही. ते मशीन 1 किंवा 3 मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतं, त्या एका जागी एकवटलेल्या नसतात आणि काही सेंटीमीटर खोलीपर्यंत स्नायूंना ऊब देणं एवढंच त्यांचं काम. आखडलेल्या कंबरेला त्याने बरं वाटेल. कधीकधी खड्याची कळ त्याच सुमारास आपोआप शमते आणि श्रेय मशीनला मिळतं. कळ थांबली म्हणजे खडा पडला असं मुळीच नाही. अडकलेला खडा दुखायचा थांबूनही मूत्रपिंड आतल्या आत फुगत राहू शकतं, आणि मूत्रविकारांच्या डॉक्टरला सगळ्यात जास्त भीती याच गोष्टीची असते.

नातेवाइकांचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. ध्वनिलहरी मूत्ररोगांत खरोखर उपचार करतात, आणि एका नव्हे तर अनेक प्रकारांनी. सोनोग्राफी करताना जी लहर पोटात जाते तिची शक्ती अगदी कमी असते, ती आत जाऊन परत येते आणि पडद्यावर चित्र उमटतं. तिचाच जोर वाढवला, ती एका बिंदूवर एकवटली, की ती आघात करते, तापवते किंवा वेगाने थरथरवते. उपचाराची सगळी यंत्रं या तीन गोष्टींवर चालतात. कोणता आजार आघाताने बरा होतो आणि कोणता उष्णतेने, याची सरमिसळ झाली की जाहिरातीतली वाक्यं तयार होतात.

आघातापासून सुरुवात करू, कारण तुमच्या वडिलांशी त्याचाच सगळ्यात जास्त संबंध आहे.

शरीराबाहेरून खडा फोडण्याच्या पद्धतीला आपण लिथोट्रिप्सी म्हणतो, पेशंट नुसतं 'मशीनने फोडणं' म्हणतात. तिचा उगम विमानांच्या कारखान्यात आहे. जर्मनीतली डॉर्निएर ही विमानं बनवणारी कंपनी ध्वनीपेक्षा वेगाने उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले की धातूचं काय होतं याचा अभ्यास करत होती. त्या धक्क्याच्या लहरी घन वस्तूतून कशा जातात हे समजल्यावर तो धक्का शरीरातल्या खड्यावर वापरता येईल का, असा विचार पुढे आला. म्युनिकमध्ये क्रिस्टियान शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 7 फेब्रुवारी 1980 रोजी पहिल्या पेशंटचा खडा असा फोडला. पेशंटला पाण्याच्या टबात बसवायचे, पाण्याखाली विजेची ठिणगी पाडायचे, आणि त्या ठिणगीचा धक्का लंबवर्तुळाकार परावर्तकाच्या मदतीने बरोबर खड्यावर एकवटायचा. 1984 मध्ये एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, त्या यंत्राला मान्यता दिली. त्याआधी मूत्रपिंडातल्या खड्याला कुशीत लांब चीर हाच राजमार्ग होता. ज्या पिढीने त्या चिरांचे व्रण पाहिलेत तिला या शोधाची किंमत कळते.

एक शास्त्रीय खुलासा. ही धक्क्याची लहर म्हणजे काटेकोर अर्थाने अल्ट्रासाउंड नाही. अल्ट्रासाउंडमध्ये ठरावीक वारंवारितेची अनेक आवर्तनं एकामागून एक जातात, तर इथे काही मायक्रोसेकंदांचा एकच तीव्र दाब असतो आणि त्याच्या मागे थोडा ताण. दोन्ही ध्वनीच्याच लहरी असल्याने उपचारांत त्या एकाच घरात मोडतात.

खडा फुटतो कसा? दाबाला खडा चांगलाच टिकतो, ताणाला मात्र लवकर हार खातो. खडूची कांडी दोन्ही टोकांनी दाबली तर तुटत नाही, ओढली-वाकवली की लगेच तुटते, तसंच काहीसं. लहर खड्यात शिरते, मागच्या पृष्ठभागावर आपटून उलटी फिरते, आणि उलटताना दाबाचं रूपांतर ताणात होतं. खडा आतून तडकतो. त्याच वेळी त्याच्या भोवतालच्या लघवीत सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात, ते पृष्ठभाग कुरतडतात. पहिल्याने तुकडे होतात, दुसऱ्याने त्या तुकड्यांचा चुरा.

या बुडबुड्यांमुळेच वेगाचा प्रश्न येतो. मिनिटाला 120 धक्के दिले की काम लवकर आटोपतं, 60 दिले की दुप्पट वेळ लागतो. पण घाई केली तर आधीच्या धक्क्याचे बुडबुडे विरायच्या आत पुढचा धक्का येतो आणि ते बुडबुडे त्याची ताकद वाटेतच खातात. पेशंटना दोन गटांत विभागून केलेल्या चाचण्यांमध्ये सावकाश दिलेले धक्के सरस ठरले आहेत. म्हणून 'आमच्याकडे पंधरा मिनिटांत मोकळे' असं कोणी सांगितलं तर ती सोय कोणाची आहे ते विचारा.

दुसरी गोष्ट बाहेरच्या कोणाला सुचणारही नाही इतकी साधी आहे: जेल. आताच्या मशीनमध्ये टब नसतो. पाण्याने भरलेली एक उशी कुशीला टेकवतात आणि मधे सोनोग्राफीचं जेल लावतात. त्या जेलमध्ये हवेचे बुडबुडे राहिले तर लहर तिथूनच परत फिरते, कारण हवा आणि पाणी यांच्या सीमेवर ध्वनी पुढे जातच नाही. प्रयोगशाळेत मोजलं गेलं आहे की संपर्काच्या जागेपैकी फक्त 2 टक्के भागात हवा असली तरी खडा फुटण्याचं प्रमाण 20 ते 40 टक्क्यांनी घटतं. बाटली पिचकत, नागमोडी रेघा ओढत जेल लावलं की हवा अडकणारच. रुंद तोंडाच्या भांड्यातून एकदम मोठा गोळा उशीच्या मध्यावर ओतायचा आणि उशी हळूहळू फुगवत कुशीला भिडवायची, म्हणजे जेल आपसूक कडेला पसरतं आणि हवा बाहेर ढकलली जाते. पेशंट मधेच हलला, उशी सुटली आणि परत टेकवली, तर पुसून नवीन जेल लावायला हवं. जुन्यावरच परत टेकवलं की सगळी हवा आत. मी टेक्निशियनच्या मागे उभं राहून हे पाहतोच पाहतो. महागडं मशीन आणि निष्काळजी जेल यांपेक्षा जुनं मशीन आणि नीट लावलेलं जेल कधीही परवडलं.

तिसरी गोष्ट म्हणजे ताकद हळूहळू वाढवणं. सुरुवातीला थोडे धक्के अगदी कमी जोराचे द्यायचे, क्षणभर थांबायचं, मग जोर वाढवायचा. डुकरांवरच्या अभ्यासात दिसलं की अशा सुरुवातीने मूत्रपिंडातल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि नंतरच्या जोरदार धक्क्यांनी होणारी इजा कमी होते. पेशंटलाही सवय होते, तो दचकत नाही. दुखणं आटोक्यात ठेवणं हे केवळ दयेपोटी नसतं. दुखलं की माणूस मोठे-मोठे श्वास घेतो, श्वासागणिक मूत्रपिंड दोन-तीन सेंटीमीटर खाली-वर होतं, आणि धक्के खड्याऐवजी शेजारच्या मांसावर पडतात.

एवढं सगळं नीट करूनही काही खडे फुटत नाहीत. ते आधी ओळखता येतात, आणि इथेच बहुतेक कुटुंबांची दिशाभूल होते. सोनोग्राफीत खडा दिसतो, पण त्याचा आकार बऱ्याचदा प्रत्यक्षापेक्षा मोठा मोजला जातो. तुमच्या वडिलांचा 11 मिमीचा खडा सीटीवर 8 चाही निघू शकेल. म्हणून निर्णयाआधी बिनडायचा, कमी रेडिएशनचा सीटी स्कॅन हवा. त्यात आकार कळतो, जागा कळते, आणि खड्याची घनता कळते, जिला रिपोर्टात एचयू म्हणतात. हा आकडा 1000 च्या पुढे गेला की बाहेरून फुटण्याची आशा कमी होत जाते. कातडीपासून खड्यापर्यंतचं अंतर 10 सेंटीमीटरपेक्षा जास्त असलं, म्हणजे माणूस चांगलाच स्थूल असला, तरी लहर पोचेपर्यंत दमते. सिस्टीनचे, ब्रुशाइटचे आणि कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेटचे खडे चिवट म्हणून ओळखले जातात. खडा मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यात असेल तर तो फुटेलही, पण तुकडे चढून बाहेर यायला हवेत, आणि तिथेच घोडं अडतं. 20 मिमीच्या वरच्या खड्याला ही पद्धत पहिली पसंती नसते.

उलट्या टोकाची एक शक्यता मी मुद्दाम सांगतो, कारण ती वारंवार निसटते. घनता 500 च्या खाली, साध्या एक्स-रेत खडा दिसतच नाही, लघवी सतत आम्लधर्मी, आणि जोडीला मधुमेह किंवा गाऊट (युरिक ॲसिडने सांधे सुजण्याचा आजार): असा खडा युरिक ॲसिडचा असण्याची बरीच शक्यता असते. तो पोटॅशियम सायट्रेटसारख्या औषधाने लघवीचा सामू (पीएच) 6.5 ते 7 च्या आसपास ठेवून विरघळवता येतो. मूत्रपिंडाचं काम आणि रक्तातलं पोटॅशियम तपासून, डॉक्टरांच्या नजरेखाली. ज्या खड्याला गोळीने निरोप देता येतो त्याला धक्के देण्यात काही अर्थ नाही.

कुळथाचं कढण आणि पानफुटीची पानं यांबद्दलही विचारणार याची खात्री आहे. कढणाला माझी हरकत नाही, पोटात पाणी जातंय हे चांगलंच. पण कॅल्शियमचा 11 मिमीचा खडा त्याने विरघळत नाही. बीअरची शिफारस करणारे मित्र असतील तर त्यांना दुरूनच नमस्कार करा. पाण्याचं मात्र खरंच मनावर घ्या. विदर्भ-मराठवाड्यात, खानदेशात उन्हाळ्यात घाम इतका जातो की लघवी गडद पिवळी होते, आणि खड्याचे पेशंट त्याच महिन्यांत वाढतात. दिवसभरात अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला हवं. प्यायलेलं पाणी मोजू नका, बाहेर पडणारी लघवी मोजा.

'मशीनने किडनी खराब होते का' हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. एक-दोन दिवस लघवीतून लालसर रक्त जाणं अपेक्षित असतं. मूत्रपिंडाभोवती रक्त साकळून त्रास होणं दुर्मिळ आहे, शंभरात एकाहूनही कमी. 2006 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या एका अभ्यासाने अशा उपचारानंतर बऱ्याच वर्षांनी रक्तदाब आणि मधुमेह वाढतो की काय अशी शंका उपस्थित केली होती. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तसं ठाम दिसलं नाही. तरीही एकाच मूत्रपिंडावर पुन्हा पुन्हा बैठका घेत राहण्याच्या मी विरुद्ध आहे. दोनदा नीट करूनही खडा दाद देत नसेल तर मार्ग बदलावा.

आता आतून फोडण्याबद्दल. मोठा खडा असेल, किंवा हरणाच्या शिंगासारखा फांद्या फुटलेला, सगळे कप्पे व्यापणारा असेल, तर पाठीतून एक छोटं छिद्र पाडून दुर्बीण थेट मूत्रपिंडात नेतात. ही पीसीएनएल. 1976 मध्ये स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहानसन यांनी या वाटेने खडा काढल्याचं प्रसिद्ध केलं. त्या वाटेत अल्ट्रासाउंडचा एक जुना आणि फार गुणी उपयोग आहे. पोलादाची पोकळ सळी, तिच्या मुळाशी पिझोसिरॅमिक स्फटिक, आणि वीज दिली की सळीचं टोक सेकंदाला 23 ते 27 हजार वेळा थरथरतं. ते खड्याला टेकवायचं, आणि खडा झिजून त्याची भुकटी होते. मऊ ऊतीला ते फारसं लागत नाही कारण ऊती त्याच्याबरोबर हलते, खडा हलत नाही. आणि सळी पोकळ असल्यामुळे तीच भुकटी शोषून घेते. हा शोषणाचा भाग मला फार मोलाचा वाटतो. जंतुसंसर्गाचे खडे फोडताना आतलं पाणी दाबाखाली साचलं तर जंतू रक्तात शिरतात आणि पेशंट रात्रीतून गंभीर होतो. शोषण चालू असलं की आतला दाब कमी राहतो. या सळ्या वाकत नाहीत, वाकवल्या तर कंपनं वाटेतच संपतात, म्हणून लघवीच्या वाटेने आत जाणाऱ्या लवचीक दुर्बिणीत त्या चालत नाहीत. तिथे लेझरचंच राज्य आहे. हल्लीच्या यंत्रांत थरथर आणि ठोका दोन्ही एकाच सळीत येतात. लेझरची चलती असतानाही मोठ्या, मऊ, संसर्ग झालेल्या खड्यासाठी माझा हात आधी याच सळीकडे जातो.

कंपनाचाच आणखी एक वापर ऑपरेशन थिएटरमध्ये रोज होतो आणि पेशंटला त्याचा पत्ताही नसतो. दुर्बिणीने मूत्रपिंड किंवा त्यातली गाठ काढताना वापरतात तो हार्मोनिक चिमटा सेकंदाला सुमारे 55,500 वेळा थरथरतो. घर्षणाने ऊतीतली प्रथिनं गोठतात, रक्तवाहिनी बंद होते आणि कापलीही जाते. शरीरातून वीज वाहत नाही, धूर कमी होतो. ते पातं वापरल्यावर काही क्षण चांगलंच तापलेलं असतं, शेजारच्या आतड्याला टेकू द्यायचं नाही, एवढी खबरदारी हवी.

ज्या संशोधनाकडे मी सगळ्यात आशेने पाहतो ते सिॲटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचं आहे. त्यांनी दोन कल्पना पुढे आणल्या. पहिली, खडा ढकलणं. सोनोग्राफीसारखाच प्रोब पोटावर ठेवून, खडा पडद्यावर बघत, ध्वनीच्या दाबाने त्याला कप्प्यातून बाहेरच्या वाटेकडे सरकवायचं. ऑपरेशननंतर राहून गेलेल्या बारीक तुकड्यांवर त्यांनी ही चाचणी केली. तिचा निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाला: ज्यांचे तुकडे ढकलले त्यांच्यात खड्याचा त्रास परत उद्भवण्याचा धोका नुसतं लक्ष ठेवलेल्यांपेक्षा 70 टक्क्यांनी कमी होता. भूल नाही, टाका नाही. दुसरी कल्पना म्हणजे एकाच जबर धक्क्याऐवजी अल्ट्रासाउंडच्या छोट्या छोट्या झुंडी सोडून खडा फोडणं. 2022 मध्ये पहिल्या 19 पेशंटांचे निकाल आले. दुर्बीण आत ठेवून, बघत बघत, जास्तीत जास्त दहा मिनिटं लहरी दिल्या. 23 पैकी 21 खडे फुटले. जागेपणी, भूल न देताही हे करता येतं का, याच्या चाचण्या सुरू झाल्या. अंतराळवीरांना खडा झाला तर काय, या चिंतेतून अमेरिकेतल्या अंतराळ संशोधनाने या कामाला पैसा दिला आहे.

हे आपल्या तालुक्याच्या ठिकाणी आलं तर किती लोकांची वणवण वाचेल! तुमच्या-आमच्या जवळपास ते नेहमीच्या उपचारांत आज नाही. आणि येईल तेव्हा एक प्रशासकीय बाब सांभाळावी लागेल. अशा यंत्रात चित्र दाखवणारा प्रोब असतोच, आणि गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत गर्भाचं लिंग ओळखू शकणारं कुठलंही उपकरण येतं. मुलींचं प्रमाण ज्या राज्यात अनेक जिल्ह्यांत घसरलं होतं तिथे हा कायदा हवाच. हातात धरून नेता येईल अशा उपचारयंत्राची नोंदणी आणि नोंदवह्या कशा ठेवायच्या याचा विचार मात्र आधीच व्हायला हवा.

आता उष्णता, म्हणजे प्रोस्टेट. नातेवाइकांनी ज्याबद्दल ऐकलं ते तंत्र हायफू या नावाने ओळखलं जातं. गुदमार्गात एक प्रोब ठेवतात, त्यातून 3 ते 4 मेगाहर्ट्झच्या लहरी प्रोस्टेटमधल्या एका बिंदूवर एकवटतात, आणि त्या बिंदूचं तापमान क्षणात 60 अंशांच्या वर जातं. तिथल्या पेशी मरतात, दोन-चार मिलिमीटर पलीकडच्या जगतात. मग पुढचा बिंदू, असं करत ठरवलेला भाग जाळतात. गुदाशयाची भिंत जळू नये म्हणून प्रोबभोवती थंड पाणी खेळवतात. हे तंत्र प्रामुख्याने प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी आहे, तेही रोग ग्रंथीपुरता मर्यादित असताना. फ्रान्समध्ये लिऑनला 1990 च्या दशकापासून यावर काम झालं. अमेरिकेत 2015 मध्ये दोन यंत्रांना परवानगी मिळाली, पण परवानगीचे शब्द नीट वाचावेत: ती 'प्रोस्टेटची ऊती नष्ट करण्यासाठी' आहे, कर्करोग बरा होतो असं त्यात म्हटलेलं नाही. 2019 मध्ये मूत्रमार्गातून प्रोब घालून, एमआरआयमध्ये तापमान बघत प्रोस्टेट तापवण्याच्या यंत्रालाही तशीच परवानगी मिळाली.

ज्या पुरुषाचा रोग एका बाजूला, छोट्या जागेत आणि मध्यम धोक्याचा आहे, त्याच्यासाठी फक्त तेवढाच भाग जाळणं हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता टिकण्याची शक्यता पूर्ण ग्रंथी काढण्यापेक्षा चांगली असते. त्याची किंमत म्हणजे आयुष्यभराची पाळत. पीएसए ही प्रोस्टेटची रक्तचाचणी, एमआरआय, पुन्हा बायोप्सी, कारण उरलेल्या ग्रंथीत रोग असू शकतो किंवा नंतर होऊ शकतो. मूत्रमार्ग आकसणं, लघवी अडणं हे त्रास होतात. गुदाशय आणि मूत्रमार्ग यांच्यात भोक पडणं क्वचित, पण झालं तर फार वाईट. युरोपातले तज्ज्ञ असे उपचार चाचणीत किंवा नोंदी ठेवणाऱ्या केंद्रातच करावेत असं सांगतात, आणि मला ते पटतं.

तुमच्या वडिलांची प्रोस्टेट मात्र वयोमानाने वाढलेली दिसते. त्यासाठीही 1990 च्या दशकात व्हिएन्नामध्ये हायफू करून पाहिलं होतं. सुरुवातीला धार सुधारली, पण चार वर्षांच्या आत सुमारे 44 टक्के पेशंटांना शेवटी दुर्बिणीचं नेहमीचं ऑपरेशन करावंच लागलं. म्हणून तो मार्ग मागे पडला. हिस्टोट्रिप्सी, म्हणजे उष्णतेशिवाय, बुडबुड्यांच्या माऱ्याने ऊतीचा लगदा करण्याची पद्धत, मिशिगन विद्यापीठात विकसित झाली. तिचाही प्रयोग वाढलेल्या प्रोस्टेटवर झाला. तक्रारी कमी झाल्या, पण ऊती जितकी नष्ट व्हायला हवी होती तितकी झाली नाही. यकृतातल्या गाठींसाठी तिला ऑक्टोबर 2023 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली आणि मूत्रपिंडातल्या गाठींवर चाचण्या चालू आहेत. तिथे फासळ्या आड येतात आणि श्वासाने मूत्रपिंड हलतं, हे अडथळे ओलांडले तर मोठं काम होईल.

एका विषयावर थोडं स्पष्ट बोलतो. शहरांत लैंगिक दुर्बलतेसाठी 'शॉकवेव्ह थेरपी'ची पॅकेजं विकली जातात. कमी शक्तीच्या धक्क्यांनी लिंगातल्या रक्तवाहिन्या सुधाराव्यात ही कल्पना 2010 च्या सुमारास इस्राएलमधून आली, आणि रक्तपुरवठ्यामुळे आलेल्या सौम्य त्रासात काही पुरुषांना फायदा झाल्याचं दिसलं आहे. अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना तिला अजून प्रायोगिक मानते. त्यातही अनेक ठिकाणी जे यंत्र असतं ते स्नायूंच्या दुखण्यासाठीचं, वरवर पसरणाऱ्या दाबलहरींचं असतं. खोलवर एकवटणाऱ्या धक्क्याचं नसतंच. माझं कळकळीचं सांगणं आहे की पॅकेजचे पैसे भरण्याआधी साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि टेस्टोस्टेरॉन तपासा. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होत असल्याची ती पहिली खूण असू शकते, आणि लाजेपायी ती वेळ निघून जाते. लिंग वाकडं होण्याच्या पेरोनी आजारात धक्क्यांनी दुखणं कमी होऊ शकतं, वाकडेपण सरळ होत नाही.

आता तुमच्या वडिलांकडे येतो. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असताना बाहेरून धक्के देणं धोक्याचं आहे, मूत्रपिंडाभोवती रक्तस्राव होऊ शकतो. ती गोळी परस्पर बंद करू नका, हृदयात स्टेंट आहे. किती दिवस आणि बंद करता येईल की नाही, हे हृदयरोगतज्ज्ञांनी लेखी सांगायला हवं. बंद करता येत नसेल तर लवचीक दुर्बिणीने लेझर करून खडा काढणं जास्त सुरक्षित, आणि मग लिथोट्रिप्सीचा विषय तिथेच संपतो. बंद करता येत असेल तर सीटी, एचयू, खड्याची जागा आणि लघवीचा कल्चर हे चार कागद घेऊन मूत्ररोगतज्ज्ञांकडे जा. कल्चरमध्ये जंतू असतील तर आधी ते साफ करायचे, मग धक्के. खडा खालच्या कप्प्यात नसेल, घनता 1000 च्या आत असेल, तर लिथोट्रिप्सी हा चांगला पर्याय आहे. त्याआधी मूत्रवाहिनीत स्टेंट, म्हणजे लघवीची वाट उघडी ठेवणारी नळी, टाकायलाच हवा असं नसतं, सुचवला तर कारण विचारा.

प्रोस्टेटसाठी पीएसए, लघवीच्या धारेचा वेग आणि लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते हे तपासून घ्या. त्यासाठी टॅम्सुलोसिन सुरू असेल किंवा सुरू होणार असेल तर ते खड्याचे तुकडे बाहेर पडायलाही मदत करतं, एका गोळीत दोन कामं. मूत्राशयात बरीच लघवी उरत असेल तर प्रोस्टेटचा निर्णय आणि खड्याचा निर्णय एकत्र बसून घ्यावा लागेल, कारण वाट अडलेली असताना खडा फोडला तर तुकडे जाणार कुठून?

धक्के देऊन झाल्यावर घरी लघवी गाळणीतून गाळा, तुकडे जपून ठेवा आणि तपासणीला द्या, पुढच्या पथ्याचा आधार तोच असतो. कधीकधी तुकडे मूत्रवाहिनीत एकामागून एक रांगेत अडकतात. अशा वेळी कुशीत कळ येते आणि लघवी कमी होते. थंडी वाजून ताप आला तर मात्र सकाळची वाट पाहू नका, क्रोसिन देऊन झोपवू नका. त्याच रात्री दवाखान्यात न्या आणि तिथे पहिलं वाक्य हेच सांगा की मूतखडा फोडलेला पेशंट आहे आणि ताप आहे.